किसनआबांचे पुठ्ठे

बेडशाच्या किसनआबांकडे कोणी गेलं, की आबा त्याला पाणी नंतर विचारतात. आधी त्याच्या गाडीखाली पुठ्ठा सरकवतात.

पुठ्ठा साधाच असतो. बिस्किटांच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा, चौकोनी कापलेला. आबा गुडघ्यांवर बसतात, एक डोळा मिटतात, नेम धरून तो इंजिनाच्या बरोबर खाली ढकलतात आणि उठता उठता विचारतात, "किती येळ थांबनार?"

आल्या आल्या असं कोणी विचारलं की राग येतो. मलाही आला होता. पण आबांचा हिशेब सरळ असतो. "थेंबाला येळ लागतो. तुमी धा मिन्टांत उठनार आसाल तर गाडी काय बोलनार? अर्धा तास बसा. च्या घ्या. तंवर ती काय ते सांगती."

अर्ध्या तासाने पुठ्ठा बाहेर येतो. आबा तो उजेडाकडे धरतात, थेंबाला बोट लावतात, बोट अंगठ्यावर चोळतात, वास घेतात. मग निकाल. काळं असेल तर इंजिनाचं. तांबडं असेल तर स्टेअरिंगचं. दाट आणि घाण वासाचं असेल तर गिअरचं. आणि नुसतं पाणी असेल तर आबांचा चेहरा उतरतो. "एशीचं पानी. बाकी कायबी न्हाई. ठनठनीत हाय." हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात.

निकाल लागला की पुठ्ठा न्हाणीच्या चुलीत. एकाच्या गाडीचा पुठ्ठा दुसऱ्याला नाही. "सुई बदलतात का न्हाई डागदर? तसंच."

आबांचं घर लेण्यांच्या पायथ्याला. तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं फिटर होते. आता शेताचा एक तुकडा आहे, तो भावकीतला कोणीतरी करतो. आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतात. शनिवार-रविवारी लेणी बघायला आलेल्या गाड्या त्यांच्या अंगणालगत लागतात, आणि आबांचे पुठ्ठे सुरू होतात. एकदा एका तरुणाने त्यांना पार्किंगवाले समजून विचारलं, "काका, किती?" आबा म्हणाले, "तासभर तरी." तो बिचारा ताशी भाव काय ते विचारत राहिला आणि आबा त्याला सांगत राहिले, की घाई केली तर नीट कळणार नाही.

माझी त्यांची ओळखही अशीच, गाडीखाली झाली.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि वलवणला धरणाच्या बाजूला एका छोट्या सोसायटीत राहतो. माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. माझी म्हणजे वडिलांची. ते परंदवडीला शेती करायचे. ते गेल्यावर जीप वर्षभर गोठ्याशेजारी उभी होती. स्टेअरिंगला त्यांनी स्वतः सुतळी गुंडाळलेली आहे आणि ज्या दोन जागी त्यांचे हात असायचे, तिथे ती गुळगुळीत झाली आहे. ती जीप विकायला मन होईना म्हणून मी तिला वलवणला आणली, आणि आणल्या दिवसापासून ती गळायला लागली.

थोडीथोडकी नाही. सोसायटीच्या फरशीवर रोज सकाळी एक काळा डाग. त्यावरून तळमजल्यावरच्या काकू एकदा घसरता घसरता वाचल्या. तेव्हापासून मी दिसलो की त्या भिंत धरून चालत, डाग असो वा नसो.

मी जीप एका गॅरेजात नेली. त्यांनी खालच्या ऑईल चेंबरचं पॅकिंग बदललं. गळती तशीच. दुसऱ्या गॅरेजात नेली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून मागचं ऑईल सील बदललं. गळती तशीच. दोन्हीकडे मेकॅनिक समजावून सांगत असताना मी मान डोलावत होतो. विज्ञानाचा शिक्षक मान डोलावतो म्हटल्यावर त्यांचाही आत्मविश्वास वाढत गेला असावा.

अशात नागपूरहून बायकोच्या माहेरची मंडळी आली. त्यांना घेऊन बेडशाला गेलो. लेणी बघून पायऱ्या उतरलो, तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. पांढरा लेंगा, टायरच्या चपला. माझ्या मेव्हणीने किंकाळी फोडली. मीही फोडणार होतो, पण चारचौघांत बरं दिसलं नसतं.

पाय हलले. खालून आवाज आला, "हिचा मालक कोन?"

"मी."

"काय करता?"

"शिक्षक आहे."

"तरीच." पाय गुडघ्यात दुमडले आणि त्यांच्यामागून आबा निघाले. सत्तरी ओलांडलेली, कानावर सुताराची पेन्सिल, हातात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग. "मास्तर, ही लय रडतीया. अन् तुमी तिचं डोळं पुसायचं सोडून पायाला पट्ट्या बांधताय. येत्या रविवारी आना. किती येळ थांबनार?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तितका वेळ."

आज आठवलं की वाटतं, हे वाक्य बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी ऐकवलं नसावं. कारण आबा क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले.

पहिल्या रविवारी आबांनी ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिन धुतलं. आधी अंघोळ, मग तपासणी, असा त्यांचा नियम. धुताना त्यांनी एक एक पाइप हलवून बघितला. त्यातला एक काढून त्याच्या तोंडाला अंगठा लावला, जरा थांबले, आणि तो पुन्हा होता तसा बसवला. मी विचारलं, "काय?" ते म्हणाले, "काय न्हाई. च्या घ्या."

मग त्यांनी घरातून एक गुलाबी डबा आणला आणि सगळ्या इंजिनावर अंगाला लावायची पावडर शिंपडली. मी बघत राहिलो. "असं काय बगताय मास्तर? पांढऱ्यावर तेल लगीच दिसतं. तुमच्या काकीची हाय. ती गेली तवा दोन डबं उरलं व्हतं. आता मी कुटं लावू?"

इंजिन पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखं दिसू लागलं. आम्ही कामशेतपर्यंत चक्कर मारून आलो. आबा शेजारी बसून मला गाव दाखवत होते, पण नावांनी नाही. "ह्यो वाटरपंपवाला. ही गिअरबॉक्सवाली मावशी, सोभावानं चांगली हाय. ह्यो मागच्या शिलातनं गळतोय, पन आयकत न्हाई कुनाचं."

परत आल्यावर बघितलं, तर पावडर तीन ठिकाणी ओली. आबांनी मला वाकायला लावलं. "मास्तर, जितं ओलं दिसतंय तितं रोग नस्तो. तेल खाली उतरतं, वाऱ्यानं मागं जातं. म्हनून वर बगायचं, अन् म्होरं बगायचं. गॅरेजवाले खाली अन् मागं बगून मोकळे झाले."

"मग कुठून गळतंय?"

आबांनी आभाळाकडे बघितलं. "आज उशीर झाला. फुडल्या रविवारी बगू."

दुपारचे तीन वाजले होते.

घरी गेलो, तर बायकोने दारातच नाक मुरडलं. "अहो, सकाळपासून बेडशाला होतात ना? लेणी बघायला?"

"जीप दुरुस्त करायला."

"मग अंगाला गुलाबाच्या पावडरीचा वास?"

मी खरं ते सांगितलं. वयस्कर गृहस्थ इंजिनाला पावडर लावतात, हे वाक्य मोठ्याने म्हणताना माझं मलाच पटेना.

दुसऱ्या रविवारी आबांनी टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले. एक बोल्ट, अर्धा आटा, मग चहा. दुसरा बोल्ट, अर्धा आटा, मग कारखान्यातली गोष्ट. दुपारी त्यांनी स्वतः भाकरी थापली. ती पाटासारखी जाड झाली होती. पिठलं मात्र झक्क. भांड्यांच्या फळीवरून त्यांनी दोन ताटं काढली. त्यातलं एक बराच वेळ धूत बसले, कारण त्यावर धूळ होती. नंतर पावडर, कामशेतची चक्कर, ओल तशीच. "फुडल्या रविवारी."

तिसऱ्या रविवारी त्यांनी टॅपेट कव्हर उघडलं. जुनं पॅकिंग वाळून पापडासारखं झालं होतं. कॉर्कचा पत्रा घेऊन आबांनी कात्रीने नवं कापलं. शिंपीही इतका जीव लावून काज करणार नाही. कव्हर बसवेपर्यंत दुपार उलटली. चक्कर मारून आलो. गळती एका जागी थांबली होती, उरलेल्या दोन जागी वाढली होती.

"फुडल्या रविवारी," आबा अगदी समाधानाने म्हणाले आणि ब्रश पुसायला लागले.

मी म्हणालो, "आबा, पुढचा रविवार नाही."

सोसायटीची सभा झाली होती. तळमजल्यावरच्या काकूंनी डागाचा फोटो सगळ्यांना दाखवला होता. बायकोनेही शेवटचं सांगितलं होतं, की दिवाळीच्या आत फरशी स्वच्छ हवी. मी भंगारवाल्याशी बोललो होतो. बुधवारी तो जीप न्यायला येणार होता. हे सगळं मी आबांना हसत हसत सांगायला घेतलं. पण मधेच नजर सुतळी गुंडाळलेल्या स्टेअरिंगवर गेली आणि पुढचं वाक्य नीट निघेना.

आबांचा ब्रश थांबला. "भंगारात?"

"दुसरं काय करू? तुम्ही एवढं केलंत, तरी सापडत नाही."

आबा ओट्याच्या कडेवर बसले. खाली बघत राहिले. मग एकदम उठले. पुठ्ठा नाही, पावडर नाही, चहा नाही. म्हणाले, "चालू करा."

मी इंजिन चालू केलं. त्यांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं, माझा हात धरला आणि त्यावर ठेवला. आतून हवा भसाभसा हात वर ढकलत होती.

"कळलं?"

मी सवयीने मान डोलावली.

"न्हाई कळलं. बंद करा." त्यांनी पहिल्या रविवारी काढलेला तोच पाइप उपसला, कानावरची पेन्सिल काढावी तितक्या सहज एक तार कुठूनशी काढली आणि पाइपात खुपसली. दोनदा फिरवून ओढली. तांबड्या वाळक्या मातीचं एक ढेकूळ अंगणात पडलं, फुटलं, आणि त्यातून तीन-चार वाळलेल्या अळ्या निघाल्या.

"कुंभारीन," आबा म्हणाले. "माशी. वरीसभर गाडी उभी व्हती न्हवं? तिला रिकामं भोक घावलं, तिनं घर बांधलं. ह्यो हिचा श्वास सोडायचा पाइप. ह्योच बंद. मग आतला वारा जाईल कुटं? जितनं वाट घावंल तितनं तेल ढकलतोय. एका जागी गळलं तर पॅकिंग गेलं म्हनायचं. तीन जागी गळतंय म्हंजे आत कोंडलंय."

चोवीस वर्षं मी आठवीला हवेचा दाब शिकवतो आहे. फळ्यावर बाटली काढतो, बूच काढतो, बाण काढतो. मी त्या मातीच्या ढेकळाकडे बघत राहिलो.

पाइप बसवून पुन्हा चक्कर मारली. आबा वाटेत कोणाच्याही गाडीबद्दल बोलले नाहीत. परत येऊन बघितलं. पावडर कोरडी.

"आबा," मी विचारलं, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"पैल्याच दिशी. आंगठा लावला तवाच."

"मग तीन रविवार?"

आबा फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग म्हणाले, "आत या. दावतो."

घरात एक खाट, एक टीव्ही, त्यावर आच्छादन. खाटेखालून त्यांनी सुतळीने बांधलेला गठ्ठा ओढला. पुठ्ठे. चुलीत न गेलेले. प्रत्येकाच्या मागे गाडीचा नंबर आणि तारीख. त्यांनी ते जमिनीवर ओळीने मांडले.

"विलासच्या गाडीचं." विलास त्यांचा मुलगा, वाकडला असतो, हे मला गोष्टींतून माहीत झालं होतं. आबांनी पहिल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. डाग भाकरीएवढा. "दिवाळी. चार दिस व्हता. पोरंबाळं संगट." दुसरा डाग बशीएवढा. "जत्रंला. दोन राती." तिसरा रुपयाएवढा. "आंबं न्यायला आलता. सकाळी आला, सांजच्याला गेला." पुढचा तिळाएवढा. "तुमच्या काकीचं वर्सश्राद्ध. जेवला अन् गेला."

त्यापुढचे तीन पुठ्ठे कोरे होते. मागे नंबर वेगळा, तारखा होत्या, पुढे काहीच नाही.

"ही नवी गाडी," आबा म्हणाले. "गळतच न्हाई. कवा आला, कवा गेला, कायबी उमटत न्हाई."

मी कोरा पुठ्ठा हातात घेतला, उगाच उजेडाकडे धरला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "जुन्या गाडीची गळती कुठून होती?"

"खालच्या बोल्टाचं वायसर. तांब्याचं. पाच मिन्टांचं काम."

"मग केलं नाहीत?"

"म्हनलं, फुडल्या येळंला करू. तेवढ्यापायी तरी यील. दर येळंला आपलं फुडल्या येळंला, फुडल्या येळंला." त्यांनी पुठ्ठे गोळा करायला घेतले. "मग एकदा नवीच घिऊन आला. म्हनला, आबा, जुनी लय गळत व्हती, काढून टाकली." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "तुमची बी तशीच गेली असती, मास्तर. माझ्यापायी."

निघताना आबांनी जीपखाली पुठ्ठा घातला नाही. किती वेळ थांबणार, हेही विचारलं नाही. हात वर केला आणि ओट्यावर बसले.

सोमवारी फरशी स्वच्छ होती. मंगळवारीही. तळमजल्यावरच्या काकूंनी भिंत सोडली. भंगारवाल्याला मी नको म्हणून कळवलं. बायकोने जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि "शेवटी सुधारलं बाई एकदाचं," असं म्हणाली. ते जीपला होतं असं मी धरून चाललो.

रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. दहा वाजता बायको म्हणाली, "आज लेणी नाहीत?"

"आता काय काम? गळत नाही ती."

"मग असे पायाला भिंगरी बांधल्यासारखे का फिरताय घरात? जा की."

जाऊ म्हटलं तरी कारण हवं. नुसतं "आलो" असं म्हणून जायची मला सवय नाही, आणि कोणी नुसतं येईल याची आबांना उरलेली नव्हती. म्हणून मी एक युक्ती केली. युक्ती हा शब्द मी स्वतःच्या बाबतीत जपून वापरतो, पण त्या वेळी ती मला फार हुशारीची वाटली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली, वाटेत इंजिन ऑईलचा छोटा डबा घेतला, बाटली भरली आणि खिशात ठेवली.

बेडशाला पोचलो. आबा ओट्यावरून उठले. "काय झालं? परत?"

"बघा जरा. थोडी गळतेय असं वाटतंय."

आबा लगबगीने पुठ्ठा घेऊन आले, गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, नेम धरला. उठता उठता म्हणाले, "किती येळ थांबनार?"

"संध्याकाळपर्यंत."

ते चहा ठेवायला आत गेले. मी बावन्न वर्षांचा माणूस, परीक्षेत कॉपी पकडण्यात शाळेत माझा हात कोणी धरत नाही, तो मी जीपखाली आडवा झालो. तीन थेंब टाकायचे ठरवलं होतं. पण बाटलीचं बूच निघेना, निघालं तेव्हा एकदम निघालं, आणि निम्मी बाटली पुठ्ठ्यावर, उरलेली माझ्या बाहीवर. कसाबसा बाहेर आलो आणि लेण्यांकडे बघत उभा राहिलो, जणू त्यांच्याविषयी काही विचार करतो आहे.

चहा झाला. अर्धा तास झाला. आबांनी पुठ्ठा ओढला. डाग भाकरीएवढा.

त्यांनी बोट लावलं. अंगठ्यावर चोळलं. वास घेतला. पुन्हा घेतला. "मास्तर."

"हां."

"डिझेलचं इंजान हाय. तेल काळंकुट्ट निगायला पायजे. ह्ये मधावानी पिवळं हाय. डब्यातलं."

चिठ्ठी सापडल्यावर मुलं बुटांकडे का बघतात, ते मला त्या दिवशी समजलं.

आबांनी माझ्या बाहीकडे बघितलं. मग पुन्हा पुठ्ठ्याकडे. कानावरची पेन्सिल काढली, पुठ्ठा उलटा केला आणि ओट्यावर टेकवून माझ्या जीपचा नंबर लिहिला, खाली तारीख लिहिली. न्हाणीच्या चुलीकडे न जाता ते सरळ घरात गेले. खाट सरकल्याचा आवाज आला. सुतळी सुटल्याचा नाही आला, पण वेळ तेवढाच लागला.

बाहेर आले ते पिठाचा डबा घेऊन.

"गळती हाय, मास्तर," ते म्हणाले. "लय हाय. एका रविवारात उरकायची न्हाई."